युवकांचे नाटक आणि सुईदोरा

आपल्या धर्मग्रामांत युवकांच्या नाटकावर अभिप्राय लिहिताना संहिता, अभिनय, नेपथ्य आणि संगीत यांचा क्रमाने परामर्श घेतला जातो. अखेरीस 'वेशभूषा प्रसंगोचित होती' या एका वाक्यात पोशाखाची बोळवण होते. आमच्या मते ही उपेक्षा न्याय्य नाही. पोशाख हाही संहितेचा अन्वयार्थच असतो. तो बरोबर लावला गेला की चुकीचा, याची चिकित्सा व्हावयास हवी.

वास्तविक कोल्हापूरच्या मातीला हे सांगावे लागू नये. भानू अथैया यांचा जन्म कोल्हापूरचा. 'गांधी' या चित्रपटाच्या वेशभूषेसाठी जॉन मोलो यांच्यासह त्यांना १९८३ मध्ये ऑस्कर मिळाले. हा मान मिळविणाऱ्या त्या पहिल्या भारतीय होत. बॅरिस्टरच्या सुटापासून साध्या पंचापर्यंतचा नायकाचा प्रवास त्या चित्रपटात वस्त्रेच सांगतात. याच्या दुसऱ्या टोकाला गंधर्व नाटक मंडळीचा थाट आहे. १९१३ मध्ये स्थापन झालेल्या त्या मंडळीच्या उंची शालूंनी महाराष्ट्राचे डोळे दिपले. पुढे मंडळी कर्जबाजारीही झाली. बालगंधर्वांच्या भूमिकांना तो थाट शोभला. आपल्या हौशी मंडळांनी मात्र भूमिका कोणती हे न पाहता केवळ थाटच उचलला, असे खेदाने म्हणावे लागते.

शिरोळ परिसरात नाताळच्या नाटिकेची तालीम रंगू लागली की ड्रेपरीच्या दुकानाची वाट धरण्याचा मोह होतो. तेथे पौराणिक आणि ऐतिहासिक नाटकांचे चमकदार कपडे तयार मिळतात. मग हेरोद राजा मोगल सरदारासारखा दिसतो आणि मेंढपाळही सॅटिनमध्ये झळकतात. राजा व मेंढपाळ दोघेही सारखेच चमकू लागले की गव्हाणीत जन्मलेल्या बाळाची कथा उरतच नाही. रात्री रानात कळप राखणारा माणूस कसा दिसतो, हे या भागात पुस्तकात शोधावे लागत नाही. धनगराच्या खांद्यावरची घोंगडी सर्वांच्या परिचयाची आहे. शेजारच्या इचलकरंजीत १९०४ पासून यंत्रमाग चालत आले आहेत. साध्या सुती कापडाची येथे वाण नाही. वाण आहे ती विचाराची.

दुःखसहनाच्या नाटकात तर वस्त्रांवाचून अर्थच लागत नाही. शिपाई येशूला जांभळे वस्त्र चढवितात ते थट्टेसाठी. ते वस्त्र परके, ओढूनताणून घातलेले वाटले पाहिजे. अंगाला बेतून शिवलेला मखमली झगा तेथे दिला की थट्टेचा राज्याभिषेक होतो. नाटकातील हा एकच पोशाख अंगाला न बसणे हेच त्याचे बसणे! याउलट योहानाच्या शुभवर्तमानातील अंगरखा बिनशिवणीचा, वरपासून सलग विणलेला आहे. म्हणूनच शिपाई तो न फाडता त्यावर चिठ्ठ्या टाकतात. बिनशिवणीचे वस्त्र शिवून दाखविणे ही शिवणाऱ्या हातांची खरी परीक्षा. कापड खांद्यावर न कापता दुमडावे, बाजूची शिवण आतून दाबून घ्यावी आणि टीप दिसणार नाही अशा रंगाचा दोरा वापरावा. एवढे साधले तर शेवटच्या रांगेतील प्रेक्षकालाही त्या चिठ्ठ्यांचे मर्म उमजते.

आता एक अधिक गंभीर गोष्ट. भाड्याचा पोशाख ज्याच्या अंगाला बसतो त्याला भूमिका, असा उलटा न्याय काही ठिकाणी चालतो. स्थूल मुलगी, उंच वाढलेला मुलगा, भाड्याची वर्गणी न परवडणाऱ्या घरचे मूल हे सारे गर्दीच्या प्रसंगात ढकलले जातात. हा कलेचा दोष तर आहेच. त्याहून अधिक तो समाजाचा दोष आहे. त्यावरचा उपाय सुईदोऱ्यात आहे. शिवणीत दोन इंच कापड राखावे, खालची दुमड रुंद ठेवावी, काख आवळत असल्यास तेथे चौकोनी तुकडा जोडावा. रंगीत तालमीपर्यंत कच्चा धावदोराच असू द्यावा आणि झटपट बदलायच्या कपड्यांना टिचबटणे लावावीत. गुडघे टेकून आणि दोन्ही हात उंचावून पाहिल्याशिवाय पक्की टीप घालू नये. असा पोशाख उसवून पुढील वर्षी दुसऱ्या मुलाला देता येतो. वाढत्या वयाच्या मुलांना सामावून घेणारी शिवण हीच युवक रंगभूमीची योग्य शिवण होय.

म्हणून आमची दिग्दर्शकांना विनंती आहे, की शिवणकाम करणाऱ्या भगिनींना संहितेच्या पहिल्या वाचनालाच बोलवावे. प्रयोगाच्या आदल्या रात्री मापे घेऊन त्यांना वेठीस धरू नये. कार्यक्रमपत्रिकेत त्यांची नावे नटांच्या बरोबरीने छापावीत. आणि आमच्या समीक्षकबंधूंनी 'प्रसंगोचित' हा शब्द लिहिण्यापूर्वी स्वतःला विचारावे : या वस्त्राने कथा सांगितली की झाकली? या वस्त्रापायी एखादे मूल रंगमंचाबाहेर तर राहिले नाही ना?