नासिकच्या स्थलेतिहासाचीं साधनें : एक परीक्षण

नासिक क्षेत्राविषयीं लहानमोठीं पुस्तकें पुष्कळ निघालीं आहेत. त्यांतील बहुतेकांचा आधार दोनच ठिकाणीं असतो : क्षेत्रमाहात्म्य, आणि १८८३ सालीं निघालेला मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा सोळावा खंड. माहात्म्याचा हेतु श्रद्धावर्धन. तें इतिहास नाहीं म्हणून त्यास कोणी नांवें ठेवूं नयेत. आमचा आक्षेप आहे तो हीं दोन्ही साधनें न पारखतां एकत्र कालविणाऱ्या लेखकांवर.

ग्रामनामाचेंच पहा. 'नवशिखर' म्हणजे नऊ टेकड्या, त्यावरून नासिक, ही व्युत्पत्ति जिकडेतिकडे आढळते. परंतु प्राकृतांत शिखराचें 'सिहर' होतें, 'सिक' नव्हे. शिवाय पांडवलेण्यांतील चैत्यगृहाच्या लेखांत नासिककरांचा उल्लेख आहे, आणि इ. स. पूर्वी दुसऱ्या शतकांतील महाभाष्यास 'नासिक्य' हें नगरनाम ठाऊक आहे. तेव्हां नासिका शब्दाशीं संबंध व्याकरणास मान्य. पण तेवढ्यानें शूर्पणखेची कथा इतिहासांत येत नाहीं. व्याकरण शब्दाचें रूप सांगतें, घडलेली गोष्ट सांगत नाहीं.

तीच गत नारोशंकराच्या घंटेची. देऊळ १७४७ चें. घंटा पोर्तुगीज घडणीची, तीवर साल १७२१. मराठ्यांनीं वसई १७३९ मध्यें घेतली, सबब घंटा तेथूनच आली, असें सांगतात. हें संभवनीय खरें. परंतु सालावरून घंटेचें ओतकाम कळतें, तिचा प्रवास कळत नाहीं.

गॅझेटियरचे उपकार आम्ही विसरत नाहीं. पंडित भगवानलाल इंद्रजी यांनीं लेण्यांवर केलेले श्रम त्यांत आहेत. देऊळ कोणीं बांधलें, केव्हां, खर्च किती, हेंहि त्यांत मिळतें. पण पुढील लेखकांनीं तेवढ्याच याद्या उतरून घेतल्या. गोदाकांठचें राहणें बाहेरच राहिलें. पूर आला कीं पाणी दुतोंड्या मारुतीच्या कुठवर चढलें हें गांव आधीं विचारतें. तांबट आळींतील ठोके पिढ्यान्‌पिढ्या चालले. यांस पुस्तकांत ओळभर जागा नाहीं.

या उणिवेवर एक साधन घरोघर पडून आहे : तीर्थोपाध्यायांच्या वह्या. यात्रेकरूचें नांव, गांव, आप्त, आगमनाचें वर्ष, कित्येकदां त्याचीच मोडी सही. अशा एका घरीं आम्हांस वही दाखविण्यांत आली; ओलीनें तिचीं पानें एकमेकांस चिकटलेलीं होतीं, आणि उलगडूं जातां अक्षरांसह तुटत होतीं. १९६९ व २००८ च्या महापुरांनंतर कांठच्या वाड्यांत अशा किती वह्या उरल्या असतील, हा विचार चैन पडूं देत नाहीं.

मात्र वह्या म्हणजेहि वेदवाक्य नव्हे. जुनी वही उतरतांना चुका शिरतात, आणि वंशावळींत मोठेपणाहि. शिवाय ज्यांना देवळाची पायरी वर्ज्य होती, त्यांचीं नांवें देवळांच्या कागदांत शोधणें व्यर्थ. त्यांची साक्ष काळारामासमोर २ मार्च १९३० रोजीं सुरू झालेल्या सत्याग्रहाच्या कागदांत पाहिली पाहिजे. तो लढाहि या गांवाचा इतिहासच आहे, पुरवणी नव्हे.

म्हणून आमची सूचना एवढीच : नवें पुस्तक लिहिण्यापूर्वीं वह्यांची यादी करावी, मालकांच्या संमतीनें छायाचित्रें घ्यावींत, मग लेखणी उचलावी. व्युत्पत्तीचा वाद शंभर वर्षांनींहि करतां येईल. भिजलेलें पान तितके दिवस थांबणार नाहीं.