अनुशेष मोजला, तलाव मोजायचा राहिला

'प्रादेशिक असमतोल' हा विषय घेऊन सिनॉप्सिस लिहायला बसलेल्यांची एक सवय मला आता लांबूनच ओळखू येते. पहिल्या परिच्छेदात १९५३ चा नागपूर करार, दुसऱ्यात घटनेतलं कलम ३७१(२), तिसऱ्यात दांडेकर समितीचा अहवाल. आणि लगेच 'प्रस्तुत संशोधनात पुढील निर्देशांक वापरले आहेत' असं म्हणून तीच रस्ते, सिंचन, वीज, शिक्षण, आरोग्य ही यादी. मी हसत नाहीये. माझ्या पहिल्या सिनॉप्सिसमध्ये अगदी हेच होतं. तो अहवाल मी न वाचताच वापरला होता, आणि इतर दहा प्रबंधांमध्येही तो तसाच वापरलेला होता. म्हणून आज त्या अहवालाबद्दलच बोलू.

आधी त्याचं मोठेपण. १९८३ मध्ये अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती नेमली गेली आणि १९८४ मध्ये तिचा अहवाल आला. त्याआधी 'आमच्यावर अन्याय झाला' आणि 'नाही झाला' असा वाद भाषणांतून चालायचा. समितीने एक साधी गोष्ट केली. प्रत्येक क्षेत्रात राज्याची सरासरी काढली, जो जिल्हा त्याखाली आहे त्याची तूट मोजली, आणि ती भरून काढायला किती पैसे लागतील ते मांडलं. एकूण अनुशेष निघाला ३,१८६.७८ कोटी रुपयांचा. त्यात विदर्भ १,२४६.५५ कोटी, मराठवाडा ७५०.८५ कोटी आणि उर्वरित महाराष्ट्र १,१८९.३८ कोटी. हा शेवटचा आकडा नीट बघा. ज्याला सरसकट 'पुढारलेला' म्हणतात, त्या भागाच्या वाट्यालाही सदतीस टक्क्यांहून जास्त अनुशेष होता. कोकण आणि दुष्काळी पट्टा त्याच भागात येतात. राजकीय चर्चेत हे कोणी फारसं सांगत नाही. पण अहवालात ते स्वच्छ लिहिलेलं आहे. मूळ कागद वाचायचा तो यासाठी.

आता टीका. जिल्हा हे एकक घेतलं की काय होतं याचं उदाहरण म्हणजे जुना ठाणे जिल्हा. ठाणे-बेलापूरचा औद्योगिक पट्टा, कल्याण, आणि दुसरीकडे जव्हार-मोखाडा, हे सगळं एकाच सरासरीत. २०१४ मध्ये पालघर वेगळा झाला तेव्हा ती सरासरी एका दिवसात बदलली, पण मोखाड्यात मात्र काहीच बदललं नाही. केळकर समितीने २०१३ च्या अहवालात तालुक्याकडे वळायला सांगितलं ते याच अडचणीमुळे. हा मुद्दा बहुतेकांना माहीत असतो, म्हणून यावर जास्त थांबत नाही.

सरासरीचा दुसरा त्रास असा की ती पळत असते. सगळीकडे कामं झाली की सरासरीही वर जाते, आणि कोणी ना कोणी तिच्या खाली राहतंच. पुढे निर्देशांक व अनुशेष समितीने १९९४ च्या स्थितीवर १४,००६.७७ कोटींचा अनुशेष काढला. त्यात विदर्भाचा वाटा ४७ टक्क्यांवर गेला. 'दहा वर्षांत अनुशेष चौपट' असं वाक्य कृपा करून लिहू नका. किमती वेगळ्या, निकष वेगळे. दोन समित्यांचे आकडे शेजारी ठेवून आलेख काढणारा विद्यार्थी व्हायवामध्ये पहिल्या पाच मिनिटांत अडकतो.

माझी खरी तक्रार मात्र तिसरीच आहे. हा अहवाल 'काय बांधलं' हे मोजतो. ते कोणी ठरवलं, आता कोण सांभाळतं, आणि त्यातून गावाला नेमकं काय मिळतं, यासाठी त्याच्या पद्धतीत जागाच नाही.

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यात हजारो जुने तलाव आहेत. सरकारी भाषेत 'माजी मालगुजारी तलाव', बोलताना नुसतं 'मामा तलाव'. गोंड राजवटीच्या काळापासून ते बांधले गेले, आणि कोहळी समाजाचं या कामातलं कसब आजही सांगितलं जातं. उताराचा अंदाज घेऊन पाळ घालायची, जादा पाणी सांडव्यातून खालच्या तलावात किंवा बोडीत सोडायचं, आणि पाऊस ओढ देईल तेव्हा धानाला एखाददुसरं पाणी द्यायचं. शिवाय मासे, गुरांचं पाणी, आसपासच्या विहिरींना पाझर. ढिवर समाजाचं पोट तर याच तलावांवर.

१९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली आणि तलाव सरकारकडे आले. मालगुजारी गेली हे चांगलंच झालं. त्या व्यवस्थेत बेगार होती, आणि पाण्यावर सगळ्यांचा हक्क सारखा नव्हता. 'जुनं ते सोनं' असा प्रबंध लिहायचा असेल तर माझी मदत होणार नाही. पण मालक बदलताना देखभाल कोणाची हे गावात नीट ठरलं नाही. आज शंभर हेक्टरपर्यंत सिंचनक्षमतेचे तलाव जिल्हा परिषदेकडे, त्यावरचे राज्याच्या खात्याकडे. अनेक तलावांत गाळ भरलाय, काठाने बेशरम माजलीय. फील्डवर्कला गेले असताना एका पाळेवर बसलेल्या बाबाजींना मी विचारलं, गावाने मिळून गाळ का काढत नाही? ते म्हणाले, "सरकारचा हाय ना जी, आमी कायले हात लावू?" माझ्या प्रश्नावलीत या उत्तरासाठी रकानाच नव्हता.

आता हा तलाव अनुशेषाच्या पद्धतीत कसा बसेल ते बघा. सिंचनाच्या रकान्यात तो आला तर हेक्टर म्हणून येईल. मासे नाहीत, गुरं नाहीत, विहिरी नाहीत. गाळाने निम्मा भरला तरी कागदावरची क्षमता लगेच कमी होत नाही. याच जिल्ह्यात वैनगंगेवर १९८८ मध्ये गोसीखुर्दची पायाभरणी झाली. मूळ अंदाज सुमारे ३७२ कोटींचा, सिंचनाचं उद्दिष्ट अडीच लाख हेक्टर. नंतर खर्च हजारो कोटींवर गेला आणि तीन दशकांनंतरही कालव्यांची कामं चालूच होती. अनुशेष भरायचा म्हटलं की असा मोठा प्रकल्प आकड्यांत लगेच दिसतो. शंभर तलावांचा गाळ काढणं तसं दिसत नाही. 'आर्थिक अनुशेष संपला, भौतिक अनुशेष बाकी' हा आपल्याकडचा शब्दप्रयोग यातूनच आला. पैसे खर्च झाले, पाणी आलं नाही.

दांडेकरांवर हा सगळा दोष टाकणं अन्यायाचं होईल. जिल्हा नियोजन समितीची घटनात्मक तरतूद १९८४ मध्ये नव्हती, ती ७४ व्या दुरुस्तीने आली. समितीला जे विचारलं होतं त्याचं उत्तर तिने दिलं. आणि हेही मान्य करू की वैनगंगेवरचा पूल किंवा जिल्हा रुग्णालय एखादी ग्रामसभा बांधू शकत नाही. तिथे राज्याचाच पैसा लागतो, आणि तो कुठे कमी पडला हे मोजावंच लागतं. प्रश्न आपल्यासारख्यांचा आहे. विकास मंडळांची मुदत ३० एप्रिल २०२० ला संपली, पण त्यांच्या काळातली मोजपट्टी आपण अजून सिनॉप्सिसमध्ये जशीच्या तशी उतरवतो.

मी माझ्या तक्त्यात सिंचनक्षमतेचा रकाना ठेवलाय. त्याशेजारी तीन नवीन घातलेत: गेल्या वर्षी प्रत्यक्ष किती क्षेत्र भिजलं, पाळेची शेवटची दुरुस्ती कधी आणि कोणी केली, आणि तलावाबद्दलचा निर्णय शेवटचा कुठे झाला, ग्रामसभेत की तालुक्याच्या ऑफिसात. पहिल्या रकान्याची माहिती कार्यालयात मिळते. बाकीच्यांसाठी पाळेवर जाऊन बसावं लागतं, आणि दोन माणसं दोन वर्षं सांगतात. गाइडचं म्हणणं, असे रकाने जिल्ह्याजिल्ह्यांत तुलना करायला चालणार नाहीत. माझं म्हणणं, मग तुलना तलावातलावांत करू. पुढच्या प्रेझेंटेशनपर्यंत यातलं काहीतरी एक ठरवायचंय.