चार्जर, मोटार आणि चंद्रपूरची राख : डेव्हिड मकाय यांचं पुस्तक कसं वाचावं?

ऊर्जा किंवा हवामानबदल या विषयात संशोधन करायचं म्हटलं की एक पुस्तक हमखास सुचवलं जातं : डेव्हिड मकाय यांचं 'सस्टेनेबल एनर्जी – विदाउट द हॉट एअर'. शीर्षकातली 'गरम हवा' म्हणजे पोकळ गप्पा. मकाय केंब्रिजचे भौतिकशास्त्रज्ञ. २००८ च्या अखेरीस हे पुस्तक आलं आणि त्यांनी ते इंटरनेटवर फुकट ठेवलं. पुढे २००९ ते २०१४ ते ब्रिटिश सरकारच्या ऊर्जा खात्याचे मुख्य वैज्ञानिक सल्लागार होते. २०१६ मध्ये त्यांचं निधन झालं.

मी हे पुस्तक एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला पहिल्यांदा वाचलं आणि त्याच्या प्रेमातच पडलो. नंतर याच प्रेमापायी माझा पहिला सिनॉप्सिस आपटला. त्यामुळे आज कौतुक आणि तक्रार दोन्ही.

आधी कौतुक. मकाय यांनी सगळी ऊर्जा एकाच मापात आणली : दर माणशी, दर दिवशी किती किलोवॅट-तास. आपल्याला हे माप नवीन नाही. लाइट बिलावर जे 'युनिट' छापलेलं असतं तेच हे. मग ते साधे हिशोब मांडत जातात. मोटार रोज ५० किलोमीटर चालली, लिटरला १२ किलोमीटर धावली आणि एका लिटर पेट्रोलमध्ये साधारण १० युनिट ऊर्जा असली, तर रोजचे झाले ४० युनिट. सॉकेटमध्ये नुसता लावून ठेवलेला मोबाइल चार्जर दिवसाला ०.०१ युनिट खातो. म्हणजे दिवसभर चार्जर काढून ठेवून जे वाचवलं, ते मोटारीत एका सेकंदात संपतं! 'चार्जर काढा, पृथ्वी वाचवा' छापाच्या सल्ल्यांची हवा इथेच निघते.

पुस्तकाची खरी ताकद म्हणजे प्रत्येक गृहीतक उघडं सांगितलेलं आहे. ५० किलोमीटर पटत नसतील तर २० घ्या आणि स्वतः गुणाकार करा. पद्धत अशी लिहावी की वाचणाऱ्याला आपली चूक पकडता यावी. हे शिकण्यासाठी तरी पुस्तक वाचाच.

त्यातले भौतिकशास्त्राचे आकडेही टिकून आहेत. मकाय म्हणतात की ब्रिटनच्या ढगाळ हवेत सौर पॅनेल सरासरी दर चौरस मीटरला ५ ते २० वॅट देतात. आपण राजस्थानातलं भडला सौर पार्क घेऊन ताडून बघू. क्षमता २,२४५ मेगावॅट, जागा साधारण १४,००० एकर, म्हणजे ५७ चौरस किलोमीटरच्या आसपास. भागाकार केला तर येतात जवळपास ४० वॅट. पण रात्र, ढग, सकाळ-संध्याकाळ धरली की वर्षाच्या सरासरीने क्षमतेच्या पाचव्या ते चौथ्या हिश्शाइतकीच वीज मिळते. म्हणजे ८ ते १० वॅट. ऊन आपलं जास्त, पण पॅनेलच्या ओळींमध्ये जागाही सोडलेली असते. आकडा त्याच पट्ट्यात बसला.

आता तक्रारी. पहिली तक्रार मापाबद्दलच आहे. मकाय पेट्रोलमधली उष्णता आणि तारेतली वीज यांचं एक युनिट सारखंच धरतात. तसं ते स्पष्ट सांगतातही. पण खर्चाचा लाल मनोरा आणि उत्पादनाचा हिरवा मनोरा शेजारी शेजारी उभे केले की वाचणारा ही अट विसरतो. ब्रिटनच्या सर्वांत वाऱ्याच्या १० टक्के जमिनीवर पवनचक्क्या लावल्या तर दर माणशी रोज २० युनिट मिळतील असा त्यांचा हिशोब आहे. मोटारीला लागतात ४०. म्हणजे एवढा देश व्यापून अर्धीच मोटार चालणार! पण पवनचक्की देते वीज, आणि विजेची मोटार १०० किलोमीटरला १५ ते २० युनिट घेते, हे याच पुस्तकात पुढच्या एका प्रकरणात आहे. मग ५० किलोमीटरला ८ ते १० युनिट पुरतात आणि त्याच २० युनिटांवर दोन मोटारी चालतात. वारा तोच, जमीन तीच, निष्कर्ष मात्र चौपट बदलला.

माझा सिनॉप्सिस इथेच आपटला. एका तालुक्याला लागणाऱ्या विजेसाठी किती कोळसा जळतो ते मी काढलं, त्या कोळशातली सगळी उष्णता युनिटमध्ये मांडली आणि तेवढी ऊर्जा सौर पॅनेलमधून मिळवायला किती जमीन लागेल ते ठोकून दिलं. उत्तर आलं : जमीन पुरणार नाही. समितीतल्या एका मॅडमनी शांतपणे विचारलं, "हे युनिट उष्णतेचं की विजेचं?" कोळशाच्या साधारण तीन युनिट उष्णतेतून एक युनिट वीज निघते. उरलेली दोन धुराड्यातून आणि पाण्यातून निघून जातात, ती सौरऊर्जेने कशाला भरून काढायची? माझी जमीन तिप्पट आली होती. गणित बरोबर होतं, प्रश्नच चुकीचा मांडला होता. असला निष्कर्ष छापून गेला असता तर 'सौरऊर्जा इथे शक्यच नाही' म्हणणाऱ्यांच्या हातात माझा शोधनिबंध पडला असता.

दुसरी तक्रार जास्त गंभीर आहे आणि ती 'दर माणशी' या शब्दांवर आहे. अणुऊर्जेच्या प्रकरणात मकाय कोळशाच्या राखेचाही हिशोब देतात : दहा औष्णिक केंद्रांची राख दर माणशी वर्षाला साधारण ४० लिटर. तुलनेसाठी हा आकडा ठीक आहे. पण राख काही दर माणशी वाटली जात नाही.

त्यांच्याच पद्धतीने हिशोब करू. चंद्रपूरच्या औष्णिक वीज केंद्राची क्षमता २,९२० मेगावॅट. पूर्ण क्षमतेने तासभर चाललं तर २९ लाख २० हजार युनिट. आपल्याकडच्या कोळशात राखेचं प्रमाण ३० ते ४५ टक्के असतं आणि एका युनिटला साधारण ६५० ते ७०० ग्रॅम कोळसा जळतो. म्हणजे युनिटमागे पाव किलो राख आणि तासाला सातशे टनांहून जास्त. ही राख महाराष्ट्राच्या लोकसंख्येने भागा, प्रत्येकाच्या वाट्याला चिमूटभर येईल. पण वीज राज्यभराच्या तारांतून जाते आणि राख तिथल्याच परिसरात तयार होते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २००९ च्या निर्देशांकात चंद्रपूरला १०० पैकी ८३.८८ गुण मिळाले होते, आणि इथे जास्त गुण म्हणजे जास्त प्रदूषण. त्यात कोळसा खाणी आणि इतर कारखान्यांचाही वाटा आहे. पण हे सगळं ज्यांच्या दारात आहे, ती माणसं सरासरीत दिसतच नाहीत. जीवाश्म इंधनाचा कार्बन डायऑक्साइड सगळ्या जगात पसरतो, म्हणून त्याला 'दर माणशी' शोभतं. राखेला आणि धुळीला गाव असतं.

तिसरी तक्रार किमतीची. आपण निसर्गाच्या मर्यादा तपासतोय, खर्चाच्या नाही, असं मकाय सुरुवातीलाच सांगतात. ते प्रामाणिक आहे. पण २०१० ते २०२० या दहा वर्षांत मोठ्या सौर प्रकल्पांतल्या विजेचा खर्च जगभरात सरासरी ८५ टक्क्यांनी उतरला. त्यामुळे सौरऊर्जा महाग म्हणून मागे टाकणारी पुस्तकातली वाक्यं आज उचलली तर मार्गदर्शक लाल पेन काढणारच.

मग पुस्तक वाचायचं की नाही? वाचायचं, आणि वही-पेन घेऊनच. त्यातला कुठलाही आकडा आपल्या प्रस्तावात घेण्याआधी समासात चार प्रश्न लिहा : हे युनिट उष्णतेचं की विजेचं? सरासरी कोणाकोणाची? यातला त्रास कोणत्या गावाच्या वाट्याला? आकडा भौतिकशास्त्राचा की बाजारभावाचा?

सरावासाठी तुमच्या घरचं गेल्या महिन्याचं लाइट बिल घ्या आणि रोजचे युनिट काढा. २०२२-२३ मध्ये देशाची सरासरी वर्षाला दर माणशी १,३०० युनिटच्या आसपास होती, म्हणजे रोजचे साडेतीन. पण त्यात कारखाने, रेल्वे, शेतीपंप सगळं येतं, तुमच्या बिलात फक्त घर. म्हणजे तुलना करण्याआधीच दुसरा प्रश्न आडवा आला. तिथूनच सुरुवात करा.