रहस्यकथेचा शेवट आणि रुपेरी पडदा

'मूळ पुस्तकात असे नाही,' ही तक्रार कादंबरीवरून चित्रपट काढण्याच्या प्रथेइतकीच जुनी आहे. रहस्यकथांच्या बाबतीत ती विशेष हिरिरीने केली जाते. कारण कथानकाचा धागा न् धागा ध्यानात ठेवणे ही या कथांच्या वाचकाची सवयच असते. परंतु ही तक्रार पुष्कळदा भलत्याच जागी केली जाते. मुळापासून दूर जाणे हा काही स्वयमेव दोष नव्हे. महाभारतातील शकुंतलेच्या आख्यानात दुर्वासाचा शाप नाही, मुद्रिकाही नाही. ती दोन्ही कालिदासाची. त्याबद्दल त्यास कोणी बोल लावीत नाही. तेव्हा बदल किती केला हा प्रश्न नव्हे. घर ज्या खांबावर उभे आहे तोच काढला की काय, हा खरा प्रश्न होय.

अगाथा ख्रिस्तीबाईंच्या 'अँड देन देअर वेअर नन' या १९३९ च्या कादंबरीवर हा कस लावून पाहू. ज्यांस ही कादंबरी अद्याप वाचावयाची आहे, त्यांनी हा लेख तूर्त मिटवून ठेवावा. कारण शेवट सांगितल्यावाचून पुढील विवेचन करता येण्याजोगे नाही.

दहा माणसे एका निर्जन बेटावर निरनिराळ्या निमित्तांनी बोलावली जातात. यजमानाचा पत्ता नाही. जेवणानंतर ग्रामोफोनची तबकडी वाजू लागते आणि प्रत्येकावर मनुष्यवधाचा आरोप ठेवते. हे आरोप मोठे विलक्षण आहेत. सेनापतीने पत्नीच्या प्रियकरास जाणूनबुजून मृत्यूच्या तोंडी धाडले; नोकर दांपत्याने आजारी मालकिणीस वेळेवर औषध दिले नाही; मुलाला सांभाळण्यास ठेवलेल्या व्हेरा क्लेथॉर्न या तरुणीने, प्रियकरास वारसा मिळावा म्हणून, त्या मुलास समुद्रात दूरवर पोहत जाऊ दिले. कायद्याचा हात यांच्यापर्यंत पोहोचत नाही. पुढे एका बालगीताच्या क्रमाने ती सर्व एकामागून एक मरतात. मारणारा त्यांच्यातीलच एक वृद्ध न्यायाधीश असून, त्याचा कबुलीजबाब अखेरीस समुद्रात सोडलेल्या बाटलीतून हाती येतो.

त्या कबुलीजबाबात एक गोष्ट आहे, जिच्याकडे वाचकाचे सहसा दुर्लक्ष होते. मृत्यूचा क्रम आपण अपराधाच्या तारतम्याने ठरविला, असे न्यायाधीश सांगतो. ज्याचा अपराध हलका तो आधी सुटला. ज्याचा भारी त्याने भीतीचा सारा भोग भोगावा. म्हणून व्हेरा शेवटी उरते. हा क्रम म्हणजेच निकालपत्र होय. गुन्हेगार कोण, हे या कथेचे वरवरचे रहस्य. कायद्याबाहेरच्या पापाचे वजन कसे करावयाचे, हे आतले रहस्य.

आता चित्रपटांकडे वळू. १९४५ साली रने क्लेर या फ्रेंच दिग्दर्शकाने अमेरिकेत काढलेल्या चित्रपटात व्हेरा आणि लोंबार्ड हे दोघे निर्दोष ठरतात, वाचतात, आणि प्रेमात सुखरूप परततात. पुढे १९६५, १९७४ व १९८९ च्या इंग्रजी चित्रपटांनी हाच कित्ता गिरविला. बेटाच्या ठिकाणी बर्फाळ पर्वत, इराणचे वाळवंट, आफ्रिकेतील शिकारीचा तळ अशी स्थळे आली. त्यांनी कथेचे काही बिघडले नाही, कारण सुटकेची वाट बंद असणे एवढेच तिला हवे असते. परंतु अखेरपर्यंत उरलेली माणसेच निरपराध ठरली की सारा तराजू उलटा होतो. जे सर्वांत भारी ते सर्वांत हलके ठरतात, आणि मृत्यूचा क्रम निव्वळ योगायोग होऊन बसतो. आपल्याकडे राजा नवाथे यांच्या 'गुमनाम'नेही १९६५ साली नायक-नायिकेस जिवंत ठेवले. पण त्याने बीज तेवढे घेऊन आपले निराळेच झाड वाढविले. त्याकडे कोणी ख्रिस्तीबाईंची कादंबरी म्हणून पाहत नाही.

यावर असा आक्षेप येईल की, हा सुखान्त शेवट मूळ लेखिकेचाच आहे. ते खरे आहे. १९४३ साली लंडनच्या रंगभूमीवर आलेले नाट्यरूपांतर तिनेच केले आणि शेवटही तिनेच बदलला. परंतु रंगभूमीची अडचण निराळी होती. सगळीच पात्रे मेली तर घडलेले सांगावयास कोणीच उरत नाही, आणि बाटलीतील कागद प्रेक्षकांस वाचून दाखविणार कोण? चित्रपटास ही अडचण नाही. मृताचा आवाज ऐकविणे त्यास सहज साधते. आणि लेखिकेने एकदा तडजोड केली म्हणून तडजोड हे सत्य होत नाही.

कोणी म्हणेल, कालिदासानेही दुष्यंतास शापाच्या आडून निर्दोष केलेच की! केले खरे, परंतु त्याचे मोल दुष्यंताकडून पुरेपूर वसूल करून घेतले. सहाव्या अंकातील त्याचा पश्चात्ताप त्या शापातूनच जन्मास येतो. क्लेरच्या नायक-नायिकेस निर्दोषत्व फुकट मिळते, आणि फुकट मिळालेले निर्दोषत्व पाहून कोणाचेही अंतःकरण हलत नाही.

तथापि शेवट जसाचा तसा ठेवला म्हणजे मूळ राखले, असेही नव्हे. १९८७ साली स्तानिस्लाव गोवोरुखिन या रशियन दिग्दर्शकाने कादंबरीचा शेवट धैर्याने कायम ठेवला, आणि त्याचा चित्रपट त्यामुळेच भेदक झाला. २०१५ साली बी.बी.सी.ने तीन भागांत दाखविलेल्या मालिकेतही सगळे मरतात. म्हणून तिची मूलनिष्ठेबद्दल वाहवा झाली. पण त्या मालिकेत सेनापती स्वतःच्या हाताने गोळी घालतो, आणि नोकर मालकिणीच्या तोंडावर उशी दाबतो. सूक्ष्म पाप ढळढळीत खून बनते. माझ्या मते ही फारकत क्लेरच्या सुखान्ताहूनही मोठी आहे. उशी दाबणाऱ्या नोकरास कोणतेही न्यायालय फाशी देईल. त्यासाठी बेट कशाला हवे आणि वेडा न्यायाधीश तरी कशाला? औषधाची बाटली हाताशी असून स्वस्थ बसणारास काय शिक्षा द्यावी, हा प्रश्न बिकट होता. पडद्याने तो सोपा करून टाकला.

आज पुष्कळ घरांतून मुले आधी चित्र पाहतात. पुस्तक मागाहून हाती येते, किंवा येतही नाही. म्हणून हा वाद केवळ हौशी वाचकांचा राहत नाही. उशी दाबणारा मनुष्य पाहून आपण निश्चिंत होतो, कारण आपण तसे नाही हे आपणांस पक्के ठाऊक असते. स्वस्थ बसलेल्या मनुष्याविषयी वाचताना मात्र ती निश्चिंती राहत नाही. वाचकाच्या मनातील ही अस्वस्थता हेच या कादंबरीचे खरे धन होय. रूपांतरकाराने बेट बदलावे, वेष बदलावा, वाटल्यास माणसांची नावेही बदलावी. तेवढ्या धनास मात्र हात लावू नये.