ग्रामसभेत ‘उत्तर मिळालं’ म्हणजे काय?

रम्या पार्थसारथी, विजयेंद्र राव आणि नेत्रा पलानीस्वामी यांचा २०१९ चा पेपर तुम्ही वाचाच. ‘अमेरिकन पॉलिटिकल सायन्स रिव्ह्यू’मध्ये आलाय. तमिळनाडूतल्या ग्रामसभांत कोण काय बोललं ते जसंच्या तसं उतरवून त्यावर टॉपिक मॉडेल चालवलंय. निष्कर्ष असा की बायका कमी बोलतात, विषय ठरवण्यात मागे पडतात आणि अधिकाऱ्यांकडून प्रश्नाला धरून उत्तर मिळण्याची शक्यताही त्यांना कमी. अध्यक्षपद महिलांसाठी राखीव असेल तिथे मात्र त्यांचं ऐकलं जाण्याची शक्यता वाढते.

काम भक्कम आहे. माझी हरकत आहे ती ‘धरून उत्तर’ या मोजमापावर. अधिकारी त्याच विषयावर बोलला की उत्तर जमा! “पाइपलाइन कधी?” यावर “पाइपलाइनचं बघू” म्हटलं तरी विषय जुळतोच. (हे ‘बघू’ आपल्याकडेही सगळ्यांच्या ओळखीचं.) आणि बायकांच्या वाट्याला ‘बघू’ जास्त येत असेल, तर खरी दरी पेपरात दिसते त्याहून मोठी निघेल. मजकुरावरून हे कळणार नाही.

तुम्ही असा डेटा घेणार असाल तर प्रत्येक मागणीपुढे एक कॉलम ठेवा: सहा महिन्यांनी काम झालं का? त्यासाठी गावात परत जावं लागेल, तो खर्च संशोधन प्रस्तावातच धरा.