मॅकिंटॉशकृत उमाजी-चरित्र : एक पुनर्विचार

उमाजी नाईकाच्या बंडासंबंधी मराठीत जे लेखन झाले आहे, त्याचा मुख्य आधार शत्रुपक्षाचा ग्रंथ आहे. मद्रास पलटणीतील कॅप्टन अलेक्झांडर मॅकिंटॉश हा उमाजीच्या पाठलागावर असलेला अधिकारी. १५ डिसेंबर १८३१ रोजी भोरनजीक उत्रौली येथे उमाजी पकडला गेला व ३ फेब्रुवारी १८३२ रोजी पुण्यास त्याला फाशी देण्यात आली. बंदिवान उमाजीकडून मिळालेली हकीकत मॅकिंटॉशच्या १८३३ साली मुंबईत छापलेल्या इंग्रजी ग्रंथात ग्रथित झाली आहे. फाशी देणाऱ्या सत्तेच्या सेवकाने फाशी जाणाऱ्याचे चरित्र लिहावे, हा योगायोग विलक्षण आहे. आणि या चरित्राच्या वाचनातील पहिली अडचणही तीच आहे.

ग्रंथाची मांडणी या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. रामोशी जमातीची उत्पत्ती व तत्कालीन स्थिती हा त्याचा घोषित विषय असून नायकाचे चरित्र त्या विषयाच्या पोटात येते. या क्रमामुळे बंड हे राजकीय कृत्य न राहता जमातीच्या स्वभावाचा आविष्कार ठरते. रणजित गुहा यांनी १९८३ मध्ये बंडविषयक सरकारी गद्याची जी चिकित्सा केली, तिचा प्रत्यय येथे पूर्णपणे येतो. बंडखोराला हेतू असू शकतो हे मान्य करण्यापेक्षा त्याला स्वभाव चिकटविणे अशा गद्याला सोयीचे असते.

तथापि ग्रंथकाराने दिलेली माहितीच त्याच्या मांडणीस छेद देते. रामोशी हे गावाचे व गडाचे राखणदार. चोरीचा माग काढणे आणि माग न लागल्यास नुकसान भरून देणे ही त्यांची जबाबदारी, व त्याबद्दल गावाकडून मिळणारा हक्क हा त्यांचा निर्वाह. १८१८ साली पेशवाई बुडाल्यावर पुरंदरच्या राखणीवर जगणाऱ्या कुटुंबांचे हे हक्क ढासळले. उमाजी तुरुंगात लिहावाचावयास शिकला. १८२६ नंतरच्या उठावाने जेरीस आलेल्या सरकारने त्याला माफी देऊन, जमीन व वेतन देऊन बंदोबस्ताच्या कामावर घेतले. जो केवळ दरोडेखोर, त्याच्याच हाती राखण सोपविण्याचे कारण काय? या प्रश्नास ग्रंथात समाधानकारक उत्तर नाही. पुढे १८३१ च्या जाहीरनाम्यात उमाजीने लोकांना इंग्रजांची चाकरी सोडण्यास, खजिने लुटण्यास व सारा न भरण्यास सांगितले. राज्य ज्या तीन गोष्टींवर चालते त्या त्याने अचूक ओळखल्या होत्या.

याउलट स्वातंत्र्योत्तर काळातील गौरवपर लेखन उमाजीस आद्य क्रांतिकारक म्हणून वंदन करते. वंदन योग्यच आहे. परंतु ते करताना वतनाची मागणी संकोचाने दडविली जाते. राष्ट्रासाठी लढणाऱ्याने स्वतःच्या हक्कासाठी भांडावे हे चरित्रकारास कमीपणाचे वाटत असावे. वस्तुतः हा कमीपणा नाही. त्या काळातील रामोशाला राज्य कळत होते ते राखणीच्या हक्काच्या रूपानेच. हक्क मोडणारे राज्य परके, ही त्याची व्याख्या होती. वतनाच्या गाऱ्हाण्यातून साऱ्याच्या नकारापर्यंतचा प्रवास हाच त्याच्या स्वातंत्र्यबुद्धीचा विकास होय. तो वगळला तर ‘स्वातंत्र्ययुद्ध’ ही संज्ञा केवळ पदवी म्हणून उरते.

वासुदेव बळवंत फडके यांच्या १८७९ च्या आत्मवृत्ताशी तुलना केली असता हा मुद्दा अधिक स्पष्ट होतो. सरकारच्या हाती पडून त्यांच्याविरुद्ध पुराव्यात वापरला गेलेला हा मजकूर बंडाच्या नेत्याने स्वतः लिहिलेला आहे. तरीही आपले रामोशी साथीदार लुटीच्या पैशाकडे पाहतात, ही त्यांची खंत त्यात उमटली आहे. शत्रूने लिहिलेल्या ग्रंथात आणि नेत्याने लिहिलेल्या वृत्तात, दोहोंतही रामोशी स्वतः बोलत नाही. फडक्यांची खंत प्रामाणिक आहे, परंतु उपाशी माणसाच्या हिशेबास ती न्याय देत नाही.

या ग्रंथांचे वाचन मुलखाच्या संदर्भातही व्हावयास हवे. तोरणा व राजगड हे दोन्ही किल्ले १९४८ पर्यंत भोर संस्थानात होते. त्यांच्या छायेतील पासलीसारख्या राजगड (पूर्वीच्या वेल्हे) तालुक्यातील गावांस डोंगराची वाट म्हणजे येण्याजाण्याची व पहाऱ्याची वाट. पाठलाग करणाऱ्या अधिकाऱ्याच्या दृष्टीने मात्र तीच वाट लपण्याची जागा ठरते. एकाच खिंडीची ही दोन वर्णने होत आणि त्यांपैकी एकच छापले गेले.

छापलेल्या वर्णनाचा परिणाम ग्रंथालयापुरता राहिला नाही. जमातीच्या अंगी गुन्हा असतो ही समजूत १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यात स्थिर झाली. तो कायदा १९५२ साली रद्द झाला. आज महाराष्ट्रात रामोशी समाजाची गणना विमुक्त जातींत होते. ज्यांच्या नायकास सरकारने एकेकाळी मुलखाची राखण दिली, त्यांना ‘विमुक्त’ म्हणावे लागते यात त्या जुन्या मांडणीचा अवशेष आहे. म्हणून मॅकिंटॉशचा ग्रंथ टाकून देणे इष्ट नव्हे. त्याची साक्ष स्वीकारावी आणि निकाल नाकारावा, हीच त्याच्या अभ्यासकाची रीत असली पाहिजे.