संवेदनशीलता : एका समीक्षासंज्ञेचा पुनर्विचार

प्रस्तावना
‘संवेदनशील कवी’, ‘संवेदनशील लेखिका’ ही विशेषणे परीक्षणांत आणि प्रबंधांत इतकी सर्रास योजिली जातात की त्यांतून नेमके काय सूचित होते, हे सांगणे कठीण झाले आहे. प्रस्तुत लेखात या संज्ञेचे अर्थ वेगळे करून तिच्या वापराची एक कसोटी सुचविली आहे.

अर्थविचार
‘वेदना’ आणि ‘संवेदना’ हे दोन्ही शब्द ‘विद्’ म्हणजे जाणणे या धातूपासून सिद्ध झाले आहेत. त्यामुळे संवेदनशीलतेत हळवेपणापेक्षा जाणण्याचा स्वभाव अभिप्रेत आहे. प्रशासकीय परिभाषेत मात्र अर्थाची दिशा पालटते. ‘संवेदनशील मतदान केंद्र’ अथवा तुंगारेश्वर अभयारण्याभोवतीचे ‘पर्यावरण संवेदनशील क्षेत्र’ स्वतः काही जाणत नाही. ते इतरांनी जपावयाचे असते. वैद्यकीय चाचणीची संवेदनशीलता म्हणजे प्रत्यक्ष रुग्णांपैकी किती जणांचा रोग ती ओळखते, याचे प्रमाण. परंतु निरोग्यालाही रोगी ठरविणारी चाचणी कितीही संवेदनशील असली तरी पुरेशी ठरत नाही. तिला विशिष्टतेची जोड लागते.

समीक्षेत गुंतागुंत अधिक आहे. मर्ढेकरांच्या संदर्भात आपण ‘नवी संवेदनशीलता’ म्हणतो, तेव्हा जाणण्याचा प्रकार अभिप्रेत असतो. ‘संवेदनशील कवी’ म्हणतो, तेव्हा जाणण्याची तीव्रता. इंग्रजीत यांसाठी दोन शब्द आहेत, मराठीत एकच. परिणामी वर्णनालाच मूल्यमापन समजले जाते.

उपयोजन
आगाशीलगतच्या नंदाखालचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो (1942–2024) यांचे उदाहरण येथे उद्बोधक ठरेल. ‘हरित वसई’ आंदोलनाचे नेतृत्व आणि 2013 चा साहित्य अकादमी अनुवाद पुरस्कार लाभलेले ‘सुबोध बायबल’ या दोहोंचा गौरव ‘संवेदनशील’ या एकाच शब्दाने करता येतो. तथापि पहिली संवेदनशीलता भूमीविषयीची असून ती कृतीत उतरली; दुसरी वाचकाच्या भाषेविषयीची असून तिचा निर्णय शब्दयोजनेत होतो. वाङ्मयीन मूल्यमापनासाठी दुसरीच थेट पुरावा ठरते. आंदोलनाचे श्रेय संहितेला देणे हा चरित्राचा आदर असेल, समीक्षा नव्हे.

निष्कर्ष
लेखकाला संवेदनशील म्हणताना ती संवेदनशीलता कशाविषयीची आहे आणि संहितेत ती कोठे सिद्ध होते, या दोन प्रश्नांची उत्तरे अभ्यासकाने दिली पाहिजेत. मार्गदर्शक प्राध्यापकांनी प्रबंधात एवढा आग्रह धरला, तर ही झिजलेली संज्ञा पुन्हा अर्थवाही होऊ शकेल.